‘अधिक पवित्र’ पंथ कोणता? : महाराष्ट्रातील ख्रिस्ती पंथभेद आणि पावित्र्याचा दावा

प्रस्तावना

माळेगाव बुद्रुक येथे पदवीच्या वर्गाला आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास शिकविताना एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या प्रकरणात पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही दोन नावे येतातच. एका तासाला मागच्या बाकावरील विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे दोघे एकाच पंथाचे होते का? नसतील, तर त्यांतला जास्त पवित्र पंथ कोणता?” प्रश्न निरागस होता, उत्तर मात्र सहज देता येण्यासारखे नव्हते. आपल्या क्रमिक पुस्तकांत ‘ख्रिस्ती मिशनरी’ हा एकच शब्द असतो. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट हे भेद त्यात विरघळून जातात, आणि अध्यापकांपैकीही पुष्कळांना ते ठाऊक नसतात. प्रस्तुत लेखकही एम.फिल.च्या अभ्यासापूर्वी त्याला अपवाद नव्हता.

एखाद्या ख्रिस्ती पंथाला आपण इतरांपेक्षा अधिक पवित्र आहोत असे म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न ईश्वरशास्त्राचा असला तरी महाराष्ट्रात तो केवळ ईश्वरशास्त्राचा राहिलेला नाही. आपली सिद्धांतप्रणाली अधिक शुद्ध आहे किंवा आपली धर्मपरंपरा अधिक पूर्ण आहे, असा दावा एखादा पंथ करू शकतो. असे दावे झालेले आहेत आणि त्यांचा विचार गांभीर्याने करावा लागतो. परंतु ‘अधिक पूर्ण’ यावरून ‘अधिक पवित्र’ या निष्कर्षावर उडी मारली की त्या दाव्याचे स्वरूपच पालटते. आपल्या भूमीत ही उडी फार चटकन सोवळ्या-ओवळ्याच्या अंगणात जाऊन पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘पवित्र’ या शब्दाचे ओझे

मराठीतील ‘पवित्र’ हा शब्द संस्कृत ‘पू’ या धातूपासून आला. पू म्हणजे शुद्ध करणे. ज्याच्या योगे शुद्धी होते ते पवित्र. धार्मिक विधीच्या वेळी बोटात घालावयाच्या दर्भाच्या वळ्यालाही ‘पवित्र’ असेच म्हणतात. म्हणजे या शब्दाच्या पोटात आरंभापासूनच मळ आणि मळाचे निवारण ही कल्पना आहे. जेथे मळ आहे तेथे विटाळ आहे, आणि विटाळ आला की स्पर्शाचा विचार आलाच. उलटपक्षी बायबलच्या जुन्या करारातील ‘कादोश’ या हिब्रू शब्दाचा रोख ईश्वरासाठी वेगळे काढून ठेवणे याकडे आहे. देवळातील भांडे पवित्र असते ते घासूनपुसून लख्ख केले म्हणून नव्हे, तर ते देवाचे म्हणून राखून ठेवले आहे यासाठी. शुद्धाशुद्धतेचे कडक नियम यहुदी परंपरेतही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शब्दाचा गाभा मालकीचा आहे.

नव्या करारातील पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. करिंथ येथील मंडळीला पौल पवित्र जन म्हणून संबोधतो आणि त्याच पत्रात त्यांची भांडणे, कोर्टकज्जे, प्रभुभोजनाच्या वेळची खादाडी यांबद्दल त्यांना फैलावर घेतो. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवितो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. या गटबाजीचा तर तो आरंभीच समाचार घेतो. ख्रिस्ती पंथभेदाची ही बहुधा सर्वांत जुनी लेखी नोंद असावी. ज्यांना पवित्र म्हटले त्यांनाच गटबाज म्हटले आहे, यावरून त्या पावित्र्याचा अर्थ गुणपत्रिकेतील वरचा क्रमांक असा नव्हता, हे उघड होते.

त्याहून मार्मिक स्थळ यशया संदेष्ट्याच्या पासष्टाव्या अध्यायात आहे. इतरांना लांब राहावयास सांगणाऱ्या, आपण त्यांच्याहून पवित्र असल्याने जवळ येऊ नका म्हणणाऱ्या लोकांवर तेथे देवाचा कोप वर्णिला आहे. इंग्रजीतील ‘तुझ्याहून पवित्र’ हा उपहासाचा वाक्प्रचार येथूनच निघाला. इंग्रजी वाचकाला त्यात ढोंग दिसते. मराठी वाचकाला मात्र त्या वाक्यातील ‘लांब राहा’ हे शब्द आधी ऐकू येतात; विहिरीवर, उंबरठ्यावर आणि पंगतीत ते त्याने किंवा त्याच्या आजोबांनी ऐकलेले असतात.

पंथ मिळतो कसा?

महाराष्ट्रातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचा पंथ विचारपूर्वक निवडीने मिळालेला नाही. तो भूगोलाने मिळाला आहे. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उघडले. हे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणून नगर जिल्ह्यातील जुनी ख्रिस्ती गावे त्या परंपरेत वाढली. स्कॉटिश मिशनरी प्रथम कोकणात बाणकोटकडे आणि पुढे मुंबई-पुण्यात स्थिरावले, ते प्रेसबिटेरियन. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी काम सुरू केले व पुढे ते क्षेत्र अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे गेले. नाशिकला अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती. बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन मंडळी आली. वसईचे कॅथलिक पोर्तुगीज अमदानीतले, म्हणजे या सर्वांहून शतके जुने. आपल्या जवळच्या टापूत, नसरापूर, लोणंद, पंढरपूर या बाजूस, ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ हे कोणत्याही एका पंथाला बांधलेले नसलेले मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम करू लागले.

प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या हद्दीत शिरू नये म्हणून कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती. आमच्या भागातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. शेतकरी माळेगाव कारखान्याचा सभासद की सोमेश्वरचा, हे त्याच्या उसाच्या गोडीवर ठरत नाही. गाव कोणत्या कार्यक्षेत्रात येते यावर ठरते. कोल्हापूरकडील ख्रिस्ती माणूस प्रेसबिटेरियन आणि नगरकडील काँग्रिगेशनल, यात कोणाच्या अंतःकरणाची शुद्धी अधिक असा प्रश्न उपस्थित होण्याचे काही कारणच नव्हते.

पण ही वाटणी सर्वांनी मानली नाही. १८७० च्या दशकात अँग्लिकनांची ‘सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल’ ही संस्था नगर भागात उतरली आणि आमची माणसे फोडली जात आहेत अशी अमेरिकन मिशनची तक्रार सुरू झाली. जर्मन जेझुइटांच्या आगमनाने आणखी एक स्पर्धक आला. वरकरणी हा माणसांच्या संख्येचा झगडा होता. आत एक तात्त्विक दावाही होता. ज्या मंडळीला प्रेषितांपासून चालत आलेल्या बिशपांची अखंड परंपरा नाही, तिचे धर्मसंस्कार अपुरे आहेत, असे उच्च अँग्लिकन मत होते. ते मान्य केले तर दुसऱ्याच्या क्षेत्रात जाणे हे अतिक्रमण न राहता कर्तव्य ठरते. ज्या महार-मांग कुटुंबांविषयी हा वाद चालला होता, त्यांच्या दृष्टीने बिशपांच्या परंपरेपेक्षा शाळा, दुष्काळातील मदत आणि पाटील-कुलकर्ण्यांसमोर कोणीतरी आपल्या बाजूने उभे राहणे या गोष्टी अधिक निकडीच्या असाव्यात, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

पंचहौदाचा चहा

पुण्यातील पंचहौद मिशन हे या उच्च अँग्लिकन परंपरेचे केंद्र. काशीत वाढलेले, षड्दर्शनांचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांचा या मिशनशी संबंध होता. त्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हे नाव धारण केले. प्रथम ते इव्हँजेलिकल मिशनऱ्यांच्या सहवासात होते. पुढे त्यांचे मन अधिकाधिक प्राचीन परंपरा, संस्कार आणि बिशपांचा अधिकार यांकडे झुकले आणि ते काउली फादर्स या अँग्लिकन मठसंस्थेत नवदीक्षित म्हणून दाखल झाले. शास्त्रीपरंपरेतील माणसाला प्रमाण कोणते, ते कोणाकडून आले आणि कोणाला सांगण्याचा अधिकार आहे, हे प्रश्न टाळता येत नाहीत. सर्व पंथ सारखेच, असे गोरे यांना मान्य होणे शक्य नव्हते.

याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली एक सभा झाली आणि उपस्थितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वृत्तपत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्तांवर पुणे शहर दोन वर्षे तावातावाने बोलत राहिले. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चहा अँग्लिकन होता की प्रेसबिटेरियन, याची चौकशी कोणीही केली नाही. मिशनच्या भिंतीआड कोणाचे संस्कार वैध आणि कोणाचे अपुरे याविषयी सूक्ष्म विवेचन चालू असता, भिंतीबाहेर सर्वच पंथ सारखेच विटाळकारक होते.

पंडिता रमाबाई आणि पंथांचा बाजार

रमाबाईंचा पंचहौदाशी असलेला धागा वाँटेजच्या सिस्टर्समुळे जुळला. ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या संस्थेच्या सिस्टर्स पुण्यात काम करीत. त्यांच्या ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने तो मुळातून वाचावा अशी शिफारस करावीशी वाटते.

या पत्रांत जेराल्डीन यांची भूमिका अशी की चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणजे तिची शिकवण समग्र स्वीकारली. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता, अथानासियन मतांगीकारातील न मानणाऱ्यांच्या नाशाची भाषा खटकत होती आणि बिशपांनी आपल्याला परस्पर बंधने घालावीत हे मान्य नव्हते. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, या आशयाचे त्यांनी मे १८८५ मध्ये लिहिले. जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. बील यांनी मात्र ही एका विद्वान स्त्रीची खरी शंका आहे हे ओळखून वाद चालू ठेवला. शिक्षक म्हणून बील यांचे हे वागणे आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

दोन लहान प्रसंग सिद्धांतांच्या चर्चेपेक्षा अधिक बोलके आहेत. पहिला क्रुसावरील अक्षरांचा. सिस्टर्सच्या वापरातील क्रुसांवर लॅटिन शब्द असत. रमाबाईंना ते संस्कृत हवे होते. लॅटिनमध्ये आपल्या संस्कृतपेक्षा असे काय अधिक आहे, असा त्यांचा प्रश्न होता. आणि संस्कृत देववाणी आहे म्हणून आपण आग्रही नाही, ती आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा आहे म्हणून आहोत, असे स्पष्टीकरण त्यांनी केले. म्हणजे लॅटिनचे पावित्र्य नाकारताना संस्कृतलाही त्यांनी पावित्र्याच्या गादीवर बसविले नाही. पावित्र्याची जागा बदलून प्रश्न सुटत नाही, हे त्यांना उमगलेले होते.

दुसरा प्रसंग अन्नाचा. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेले पदार्थही टाळले. जेराल्डीन यांना हा जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही, कारण ब्राह्मणी शाकाहार आणि जातिश्रेष्ठता यांचे नाते जुने आहे. परंतु जेराल्डीन ज्याला ख्रिस्ती आचार म्हणत होत्या त्यात इंग्रजी जेवणाचे टेबल किती आणि शुभवर्तमान किती, हा प्रश्नही तितकाच रास्त होता. मी हिंदू आहे आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळीन, या अर्थाचे उत्तर रमाबाईंनी दिले.

इंग्लंड-अमेरिकेत त्यांना उच्च अँग्लिकनांखेरीज बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन असे नाना लोक भेटले. प्रत्येकजण बायबलचाच आधार देई आणि दुसऱ्याला चुकीचे ठरवी. या गोंधळाने आपण चक्रावून गेलो, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. त्याच लेखनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, परंतु ख्रिस्त नव्हता. पंथाच्या सभासदत्वाने पावित्र्य येत असते, तर हे वाक्य लिहिण्याची वेळच आली नसती.

केडगाव, १९०५

माळेगावहून बारामती-दौंड मार्गाने गेले की पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे पुण्याच्या बाजूस केडगाव लागते. रमाबाईंचे मुक्ती मिशन येथे आहे. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत शेकडो मुली व विधवा येथे आश्रयाला आल्या. मदतीला येणारे लोक निरनिराळ्या पंथांचे होते आणि रमाबाईंनी मुक्तीला कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही.

जून १९०५ मध्ये येथे प्रार्थनेच्या सभांतून एक मोठे धार्मिक जागरण उसळले. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापकबुली देत. पुढे काहींना अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव आला. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीट येथील ज्या जागरणापासून पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ सांगितला जातो, ते एप्रिल १९०६ मधले. केडगाव त्याच्या आधीचे. मुक्तीत काम करणाऱ्या मेथडिस्ट मिशनरी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये पुस्तक लिहिले. ते चिलीमधील त्यांच्या मैत्रिणीकडे, मे हूवर यांच्याकडे पोहोचले आणि १९०९ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीत फूट पडून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंड तालुक्यातील एका खेड्याचा धागा दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो, हे आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. अब्राम्स ज्या होलिनेस चळवळीतून आल्या होत्या तिचा विषयच पावित्र्य हा होता : तारणानंतर माणसाला पूर्ण पवित्रीकरणाचा दुसरा अनुभव येऊ शकतो, ही जॉन वेस्ली यांच्या शिकवणीतून निघालेली धारणा. त्यात अमेरिकन पेंटेकॉस्टलांच्या मोठ्या गटाने भर घातली की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची खूण म्हणजे अन्य भाषांत बोलणे. खूण ठरली की मोजमाप आले. ज्यांना ती आहे ते आणि ज्यांना ती नाही ते, असे दोन वर्ग पडले. रमाबाईंनी अन्य भाषांचा अनुभव खोटा मानला नाही, थांबविलाही नाही. परंतु ती अनिवार्य खूण आहे हे त्यांनी मान्य केले नाही. प्रेम हीच आवश्यक खूण, असे त्यांचे मत होते. आपल्याच अंगणात घडलेल्या आणि जगभर गाजू लागलेल्या घटनेचे श्रेय पदरात पाडून घेऊन ‘मुक्ती हीच खरी मंडळी’ असे म्हणण्याची संधी त्यांच्यापुढे होती. ती त्यांनी घेतली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या चर्च ऑफ इंग्लंडला त्यांच्या हट्टाने एकेकाळी जेरीस आणले, तिच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी राखलेला आहे.

दाव्याची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून पंथभेद हा सर्वस्वी क्षुल्लक, असा समज होऊ नये. तसे मानणे हे आळसाचे लक्षण होय. ख्रिस्ती श्रद्धा निकेय मतांगीकारात मंडळीचे वर्णन एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय असे करते. यातील ‘पवित्र’ हा शब्द खरा असेल तर तो कोणत्या मंडळीला लागू, असे विचारणे गैर नाही.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत हा प्रश्न ऐरणीवर आला. सम्राट डायोक्लेशियनच्या छळात काही धर्मगुरूंनी भीतीपोटी धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले होते. अशा डागाळलेल्या हातांनी दिलेले संस्कार व्यर्थ आहेत, म्हणून निष्कलंक लोकांची आमचीच मंडळी खरी, असे डोनेटस व त्याच्या अनुयायांचे म्हणणे होते. यात शौर्याचा मान होता आणि छळ सोसलेल्यांचे दुःखही होते. संत ऑगस्टीनने त्यास उत्तर दिले की संस्कार देणाऱ्याचा नसून ख्रिस्ताचा आहे. मंडळी म्हणजे गहू आणि निदण एकत्र वाढणारे शेत आहे, आणि निवडणी कापणीच्या वेळी होईल, त्यापूर्वी नाही. ४११ मध्ये कार्थेज येथील वादसभेत निर्णय डोनेटसपंथीयांच्या विरुद्ध गेला. पुढे राज्यसत्तेने त्यांच्यावर बळ वापरले आणि ऑगस्टीनने त्याचे समर्थन केले, हे मात्र त्याच्या कीर्तीला शोभणारे नाही.

रोमन कॅथलिक चर्चचा दावा आज सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या दस्तऐवजात ख्रिस्ताची मंडळी कॅथलिक चर्चमध्ये वास करते असे म्हटले. त्याच वेळी पवित्रीकरणाचे व सत्याचे अनेक घटक तिच्या सीमेबाहेरही आढळतात, हेही मान्य केले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दोमिनुस येसुस’ या निवेदनात, ज्या मंडळ्यांत बिशपपदाची वैध परंपरा नाही त्यांना यथार्थ अर्थाने चर्च म्हणता येत नाही, असे सांगितले गेले आणि प्रोटेस्टंट जगतात नाराजी उमटली. तथापि हा दावा साधनांच्या पूर्णतेविषयी आहे, माणसांच्या पावित्र्याविषयी नाही. १९६४ चा तोच दस्तऐवज चर्च पवित्र असूनही सदैव शुद्धीकरणाची गरज असलेले आहे असे सांगतो, आणि चर्चमध्ये राहूनही जो प्रेमात टिकत नाही त्याला केवळ सभासदत्व वाचवीत नाही, असेही बजावतो. ग्रंथालय मोठे असणे आणि विद्यार्थी विद्वान असणे यांत जे अंतर आहे, ते येथे आहे. मोठे ग्रंथालय ही थोडी गोष्ट नव्हे, इतके मात्र कॅथलिक वाचकाच्या वतीने म्हणावयास हवे.

नागपूर, १९७०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. नगर भागात एकेकाळी माणसांवरून भांडलेले अमेरिकन मिशनचे आणि अँग्लिकनांचे वारस त्यामुळे एका छताखाली आले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अखेरच्या क्षणी अंग काढून घेतले.

या एकीकरणापुढील खरा पेच पूर्वीचाच होता : कोणाच्या पाळकाची दीक्षा वैध? अँग्लिकनांना बिशपांवाचून झालेली दीक्षा अपुरी वाटे. इतरांना पुन्हा दीक्षा घेणे म्हणजे आजवरची आपली सेवा खोटी मानणे वाटे. तोडगा असा निघाला की सर्वांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि कोणाला काय उणे आहे ते देवाने जाणून पुरे करावे. ही युक्ती शाब्दिक आहे अशी टीका तेव्हाही झाली. प्रस्तुत लेखकाला मात्र तीत विचाराचे धैर्य दिसते. आपल्यातही काही उणे असू शकेल, हे प्रत्येक पंथाने जाहीरपणे मान्य केल्याखेरीज तो विधी पार पडलाच नसता. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती याच चर्चमध्ये शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या.

पुढे सारे सुरळीत झाले असे नाही. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विलीनीकरणाने मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही, त्यासाठी सोसायट्यांच्या व सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील रीत पाळावी लागते, असा निर्णय २०१३ मध्ये झाला. पंथ एक झाले तरी सातबारे वेगळे राहतात.

विटाळाचा प्रश्न

राहता राहिला तो जातीचा प्रश्न, आणि महाराष्ट्रात तोच कळीचा आहे. गोव्यातील चर्चमध्ये बामण, चारडो आणि शूद्र यांच्या वेगवेगळ्या कॉन्फ्रारी होत्या. उत्सवात कोणी कोणता मान घ्यावा हे जन्मावरून ठरे. पंथ एक, वेदी एक, मिस्सा एक. आणि तरीही पायऱ्या होत्या. पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य ख्रिस्ती माणसाला १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यात पंथानुसार भेद नाही. कॅथलिक असो वा प्रोटेस्टंट, कायद्याच्या लेखी तो ख्रिस्ती, आणि गावाच्या लेखी पुष्कळदा पूर्वीचाच. या माणसाला आपला पंथ शेजारच्या पंथाहून पवित्र आहे असे सांगण्यात काय अर्थ आहे, याचे उत्तर असा दावा करणाऱ्याने द्यावयास हवे.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. मिशनरी वर्तुळांत या प्रयोगाविषयी शंका व्यक्त झाल्या, आणि १९१९ मध्ये टिळक वारल्याने तो फारसा वाढला नाही. गोरे, रमाबाई आणि टिळक हे तिघेही चित्पावन घराण्यांतले. एकाने सर्वांत अधिकृत मंडळी शोधली, एकीने कोणत्याही मंडळीचा टिळा लावून घेतला नाही, एकाने मंडळीचे दारच काढून टाकले.

वर्गातील त्या विद्यार्थ्याला उत्तर म्हणून प्रस्तुत लेखकाने शेवटी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास दिली. पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल निराळी होती. मग एके दिवशी, जाती देवाने केल्या की माणसांनी, असा विचार करता करता त्यांनी ते सोवळे टाकले आणि कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास त्या तयार झाल्या. त्यावेळी त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पुढच्या तासाला विद्यार्थ्याने पुस्तक परत केले आणि विचारले, “मग तेव्हा त्या कोणत्या पंथाच्या होत्या, सर?”